‘विद्यार्थी’ हे नाव घेतलेला पंडित

शितावरून भाताची परीक्षा करावी, ही म्हण आपल्या घराघरांत ऐकू येते. चुलीवर पातेले चढविले असता गृहिणी त्यातील प्रत्येक दाणा चाचपून पाहत बसत नाही. पळीने भात ढवळून दोन शिते काढते, बोटांत चिरडून पाहते, आणि भात झाला की नाही ते सांगते. तिचा निर्णय बहुधा चुकत नाही. परंतु याच न्यायाने आपण इतर गोष्टींचा निवाडा करू लागलो, म्हणजे मात्र फसण्याचे प्रसंग पदोपदी येतात. एका गावची दोन माणसे लबाड निघाली, की सारा गाव लबाड असे आपण म्हणून टाकतो. एखाद्या औषधाने शेजारच्या दोघांना गुण आला, की ते रामबाण ठरते. एका चाचणीत मुलाला गुण कमी पडले, की त्याच्या बुद्धीविषयी घरात कायमचे मत बनते. तेव्हा किती शितांवरून भाताची परीक्षा करावी, ती शिते कशी निवडावी, आणि परीक्षेअंती किती ठामपणे बोलावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. ज्या पुरुषाने या प्रश्नाचा आयुष्यभर विचार केला, त्याचे चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचे नाव विल्यम सीली गॉसेट. परंतु संख्याशास्त्राच्या ग्रंथांतून त्यांना या नावाने क्वचितच ओळखतात. तेथे ते ‘स्टूडंट’, म्हणजे ‘विद्यार्थी’, या टोपणनावानेच प्रसिद्ध आहेत. जगातील जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात जिची ओळख करून देतात, ती ‘स्टूडंटची टी-परीक्षा’ यांचीच होय. ती परीक्षा विद्यार्थ्यांना द्यावी लागणारी नव्हे. विद्यार्थ्यांनी आकड्यांची घ्यावयाची परीक्षा आहे.

इंग्लंडातील कँटरबरी या प्राचीन नगरात ता. १३ जून १८७६ रोजी गॉसेट यांचा जन्म झाला. वडील फ्रेडरिक गॉसेट हे सैन्याच्या इंजिनिअर पथकात कर्नल होते. आईचे नाव ॲग्नेस. विल्यम हा या दांपत्याचा ज्येष्ठ पुत्र. वडिलांच्या पावलावर पाऊल ठेवून आपणही सैन्याच्या त्याच पथकात जावे, असे त्याच्या मनात होते. परंतु दृष्टी अधू असल्यामुळे तो बेत सिद्धीस गेला नाही. सैन्याची ही हानी शास्त्राच्या पथ्यावर पडली, असेच आता म्हणावे लागेल. विंचेस्टर येथील नामांकित विद्यालयात शिकून तो ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेला. तेथे १८९७ साली गणिताच्या परीक्षेत व १८९९ साली रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्याने पहिला वर्ग मिळविला. गणित आणि रसायन या दोन विद्यांचा हा संगमच पुढे त्याच्या कामी आला.

त्याच वर्षी गॉसेट यांनी आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे गिनेस कंपनीच्या कारखान्यात नोकरी धरली. ही कंपनी १७५९ साली स्थापन झालेली असून बिअर तयार करणे हा तिचा व्यवसाय होता. शाळेच्या वार्षिक अंकात अशा कारखान्यातील मनुष्याचे चरित्र कशाला, अशी शंका काही पालकांच्या मनात येईल. त्या पेयाची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही, हे सांगावयास नकोच. परंतु ज्ञान कोठे जन्मास येईल याचा नेम नसतो. ज्या विचाराचा उपयोग आज रुग्णालयांत नव्या औषधांची आणि शेतांत नव्या बियाण्यांची पारख करण्यासाठी होतो, तो विचार प्रथम या कारखान्यात स्फुरला, ही ऐतिहासिक गोष्ट आहे. आणि ती आहे तशी सांगणेच योग्य होय.

गिनेस कंपनीने त्या काळी विद्यापीठांतून विज्ञानाचे उत्तम पदवीधर नेमण्याचा परिपाठ ठेवला होता. माल तयार करण्याचे काम तोवर जुन्या कारागिरांच्या अनुभवावर, नाकावर आणि जिभेवर चालत असे. ते आता मोजमापावर आणावे, अशी कंपनीची इच्छा होती. पण मोजमाप करू जाता एक अडचण उभी राहिली. जव हे धान्य दर वर्षी, दर शेतात निराळे उतरते. हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा कस प्रत्येक गाठोड्यागणिक बदलतो. जवाचे एक वाण दुसऱ्याहून सरस आहे की नाही, हे पाहावयाचे तर दोन्ही वाणे शेजारीशेजारी पेरून हंगाम संपेपर्यंत थांबावे लागते, आणि वर्षाअखेर हाती लागतात ते अवघे चार-सहा आकडे. एका वाणाचे उत्पन्न थोडे अधिक दिसले, तर तो वाणाचा गुण मानावा की जमिनीचा, पावसाचा व योगायोगाचा खेळ मानावा? या प्रश्नाच्या उत्तरावर हजारो शेतकऱ्यांचे पेरणीचे बियाणे अवलंबून होते.

हा प्रश्न आमच्या बालवाचकांच्या नीट ध्यानात यावा, म्हणून येथे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक बियाण्याचा व्यापारी सांगतो की, आपल्या बियाण्यातील शेकडा ८० दाणे उगवतात. एका शेतकऱ्याने १० दाणे पेरून पाहिले, त्यांतील ६ च उगवले. व्यापाऱ्याला खोटा ठरवावा काय? येथे न्यायाधीशाची रीत स्वीकारावी. आरोपी निर्दोष आहे असे धरून जसा खटला चालतो, तसेच व्यापारी खरे बोलतो असे प्रथम धरून चालावे. यालाच गृहीतक म्हणतात. मग असे विचारावे की, हे गृहीतक खरे असता १० पैकी ६ किंवा त्याहून कमी दाणे उगवण्याचा योग कितीदा येईल? हिशेब केला तर असा योग शंभर वेळांत सुमारे १२ वेळा येतो. म्हणजे ही गोष्ट फारशी दुर्मीळ नाही. एवढ्यावरून कोणाच्या सचोटीवर डाग लावता येणार नाही. आता त्याच शेतकऱ्याने १०० दाणे पेरले आणि ६० उगवले असे समजा. प्रमाण तेच आहे. परंतु व्यापारी खरे बोलत असता असा प्रकार दहा हजार वेळांत एकदाही घडणे कठीण. येथे मात्र गृहीतक सोडावे लागते. प्रमाण एकच असूनही एका ठिकाणी मौन उचित आणि दुसऱ्या ठिकाणी ठाम बोलणे उचित, हा भेद केवळ शितांच्या संख्येमुळे पडला. तथापि पहिल्या प्रसंगी व्यापारी निर्दोष असल्याचे सिद्ध झाले, असेही समजू नये. त्याच्याविरुद्ध पुरावा अपुरा पडला, इतकेच काय ते खरे.

या जातीचे गणित मोठ्या संख्यांच्या बाबतीत गॉसेट यांच्या पूर्वीच बरेच प्रगत झाले होते. त्याचा कारखान्याच्या कामी उपयोग कसा करावा, यावर त्यांनी १९०४ साली कंपनीसाठी एक टिपण लिहिले. परंतु आपल्या शंका आपणांस सुटत नाहीत हे ध्यानी येताच, १९०५ च्या जुलै महिन्यात त्यांनी त्या काळचे या विषयातील अग्रणी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राध्यापक कार्ल पिअर्सन, यांची भेट घेतली. पुढे कंपनीने त्यांस अभ्यासासाठी मोकळीक दिली, आणि १९०६ ते १९०७ या काळात ते पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत जाऊन शिकले. १९०६ च्या आरंभीच मार्जरी फिलपॉट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. नोकरी, संसार आणि तिशीत पुन्हा हाती धरलेली पाटी-पेन्सिल, असा तो काळ होता.

पिअर्सन यांच्याकडे शेकडो, हजारो मोजमापे येत. एवढा मोठा नमुना हाती असला, म्हणजे त्यातील आकडे सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचा अंदाज नमुन्यावरूनच पक्का बांधता येतो. या विखुरण्याच्या मापास प्रमाण विचलन म्हणतात. दोन सरासरींतील फरक खरा की दैवाचा, हे ठरविताना तेच आपला गज होते. पण नमुना चारच आकड्यांचा असेल तर? मग सरासरी डळमळीत असतेच, शिवाय ती मोजण्याचा गजही डळमळीत होतो. कधी तो वाजवीपेक्षा आखूड निघतो, कधी लांब. आखूड गजाने मोजणाऱ्यास लहान फरकही मोठा भासतो, आणि तो नसलेला गुण पाहून मोकळा होतो. मोठ्या नमुन्यांत वावरणाऱ्या पंडितांना या अडचणीचे महत्त्व वाटत नव्हते. गॉसेट यांना मात्र तिच्यावाचून गत्यंतर नव्हते; कारण त्यांच्या पदरी चारच शिते पडत होती.

या विचाराचे फळ म्हणजे १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला त्यांचा लेख. सरासरीत होणारी संभाव्य चूक हा त्याचा विषय. लहान नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून किती दूर जाऊ शकते, हे सांगणारा नियम त्यांनी त्यात मांडला. नियम बसविताना काही पायऱ्या त्यांनी अनुमानाने ओलांडल्या होत्या; म्हणून केवळ कागदावरच्या गणितावर विसंबून न राहता त्याची प्रत्यक्ष पडताळणी करावी, असे त्यांनी ठरविले. इंग्लंडात ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी मोजलेली होती, व ती मापे पूर्वी प्रसिद्ध झाली होती. गॉसेट यांनी पुठ्ठ्याचे ३,००० तुकडे घेऊन त्यांवर ती मापे लिहिली. ते तुकडे पत्त्यांप्रमाणे पुष्कळ पिसले आणि एकेक उचलून त्यावरील आकडे वहीत उतरविले. मग ओळीने चार-चारांचे गट पाडून ७५० नमुने तयार केले, आणि प्रत्येकाची सरासरी व विचलन काढून आपल्या नियमाशी ताडून पाहिले. गणकयंत्रांच्या आजच्या युगात हे काम क्षणार्धाचे आहे. त्या काळी ते हातानेच करावयाचे होते. आपलेच म्हणणे खोटे ठरण्याची पुरेपूर संधी त्यास द्यावी, आणि त्यातून ते तरले तरच जगापुढे ठेवावे, ही त्यांची वृत्ती येथे दिसून येते.

या नियमाचे सार आज छापल्या जाणाऱ्या कोष्टकांवरून सहज कळते. शंभरांत पाच वेळा चूक होण्याचा धोका पत्करून निर्णय करावयाचा असेल, तर फार मोठ्या नमुन्यात सरासरीचा फरक हा तिच्या संभाव्य चुकीच्या मापाच्या १.९६ पट झाला म्हणजे पुरे. पण नमुना १० आकड्यांचा असेल तर तो २.२६ पट हवा. ४ आकड्यांचा असेल तर ३.१८ पट, आणि दोनच आकडे असतील तर तब्बल १२.७१ पट हवा. पुरावा जितका थोडा, तितकी बोलण्यापूर्वी अधिक खात्री हवी, ही सज्जनांची रीत गॉसेट यांनी अशी आकड्यांत बांधून दिली.

त्याच लेखातील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. दहा रोग्यांना दोन निरनिराळी निद्राकारक औषधे देऊन त्यांची झोप किती वाढली याची नोंद दोन संशोधकांनी १९०५ साली प्रसिद्ध केली होती. पहिल्या औषधाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. गॉसेट यांनी प्रत्येक रोग्याची तुलना त्याच्या स्वतःशीच केली. दोन औषधांतील फरक सरासरी १.५८ तास आला. या दहा फरकांचे प्रमाण विचलन आजच्या रीतीने १.२३ येते. त्यास १० च्या वर्गमुळाने भागले की ०.३९ हे सरासरीच्या चुकीचे माप मिळते. १.५८ हा फरक त्या मापाच्या चौपटीहून किंचित अधिक भरतो. आवश्यक पट तर २.२६ चीच आहे. तेव्हा दोन्ही औषधे सारखीच आहेत हे गृहीतक टिकत नाही; दुसऱ्यानेच अधिक झोप येते, असे म्हणण्यास भक्कम आधार मिळतो. रोगी दहाच होते. पण रीत चोख असल्यामुळे दहांवरूनही बोलता आले.

एवढे महत्त्वाचे कार्य करूनही लेखाखाली गॉसेट यांचे नाव नव्हते. कारखान्यातील गुपिते बाहेर जाऊ नयेत म्हणून कंपनी आपल्या नोकरांस स्वतःच्या नावाने लेख प्रसिद्ध करू देत नसे. म्हणून त्यांनी ‘स्टूडंट’ हे नाव घेतले, आणि जन्मभर बहुतेक लेखन त्याच नावाने केले. कीर्तीचा लोभ असलेल्या माणसास ही अट जाचली असती. गॉसेट यांनी ती निमूटपणे पाळली, आणि ते नाव आपल्या आचरणाने सार्थही केले. १९१२ साली केंब्रिज येथील रोनाल्ड फिशर नावाच्या अवघ्या २२ वर्षांच्या तरुणाने गॉसेट यांच्या नियमाची कडेकोट सिद्धता लिहून त्यांस पाठविली. तिच्यातील गणित आपणांस नीटसे उमगत नाही, हे मोकळेपणी कबूल करून गॉसेट यांनी ती पिअर्सन यांच्याकडे पाठविली. आपल्याहून १३-१४ वर्षांनी लहान असलेल्या पोराने आपले उणे भरून काढले याचा विषाद त्यांस वाटला नाही. पुढे दोघांचा दीर्घ स्नेह जुळला. १९०८ चा लेख बरीच वर्षे उपेक्षितच राहिला होता; १९२५ साली फिशर यांच्या ग्रंथात ही परीक्षा आली, तेव्हा कोठे ती संशोधकांच्या नित्य वापरात येऊ लागली.

त्यांनी दिलेला आणखी एक विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. १९२६ साली कार्ल पिअर्सन यांचे पुत्र एगॉन यांनी या विषयातील काही शंका त्यांस पत्राने विचारल्या. उत्तरादाखल गॉसेट यांनी असे सुचविले की, एखादी घटना गृहीतकाच्या दृष्टीने दुर्मीळ आहे एवढ्यानेच ते गृहीतक टाकून देऊ नये. त्या घटनेचा अधिक पटण्याजोगा उलगडा करणारे दुसरे गृहीतक समोर असेल, तरच पहिले सोडावे. या सूचनेतून एगॉन पिअर्सन आणि पोलंडातील गणिती जर्झी नेमन यांनी गृहीतकांच्या परीक्षेचे पुढील शास्त्र उभारले. कोणास दोष देण्यापूर्वी त्या घटनेचे आणखी काय कारण संभवते ते पाहावे, हा व्यवहारातलाही केवढा मोठा धडा आहे!

आता शाळेशी संबंध असलेली एक हकीकत सांगतो. १९३० साली स्कॉटलंडातील लॅनर्कशायर परगण्यात शाळकरी मुलांवर एक प्रचंड प्रयोग झाला. ६७ शाळांतील सुमारे २०,००० मुले त्यासाठी निवडली. त्यांपैकी १०,००० मुलांना फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रोज पाऊण पाइंट दूध दिले, आणि १०,००० मुलांना दिले नाही. आरंभी व शेवटी सर्वांची उंची व वजन घेतले. दूध पिणारी मुले अधिक वाढली, असा निष्कर्ष निघाला. वीस हजार शिते! नमुना लहान असल्याची तक्रार येथे कोण करील? परंतु १९३१ साली गॉसेट यांनी या प्रयोगाचे परीक्षण लिहून त्याचे वर्म दाखविले. मुले आरंभी चिठ्ठ्या टाकून किंवा नावांच्या अक्षरक्रमाने निवडली होती. पण एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा रोडकी मुले फार झाली असे वाटल्यास शिक्षकांना अदलाबदल करण्याची मुभा होती. दयाळू शिक्षकांच्या मनात काय आले असेल, हे सांगावयास नको. दूध गरीब, अशक्त मुलांना मिळावे, असेच कोणासही वाटेल. परिणाम असा झाला की, दूध न मिळालेली मुले मुळातच अधिक उंच व वजनदार निघाली, आणि दोन गटांची तुलना सरळ राहिली नाही.

त्यातच आणखी एक सूक्ष्म गोम होती. मुलांचे वजन कपड्यांसह घेतले होते. फेब्रुवारीत तेथे कडाक्याची थंडी, जूनमध्ये उन्हाळा. सधन घरची मुले हिवाळ्यात जाड लोकरी कपडे आणि उन्हाळ्यात हलके कपडे घालतात. तेव्हा जूनमध्ये तराजूवर त्यांचे वजन कपड्यांमुळेच घटते. गरिबाच्या मुलाजवळ दोन ऋतूंसाठी दोन पोशाख कोठून असणार? त्याचे कपडे तेच राहतात, म्हणून त्याची वाढ अधिक दिसते. ती दुधाचा गुण म्हणून गणली गेली असण्याचा संभव होता! आकड्यांच्या आड दडलेले दारिद्र्य गॉसेट यांच्या नजरेने असे टिपले. दूध निरुपयोगी आहे, असे त्यांचे मुळीच म्हणणे नव्हते. त्यांचे म्हणणे इतकेच की, या प्रयोगावरून दुधाचा गुण किती हे नक्की सांगता येत नाही. उलट एकसारख्या जुळ्या भावंडांच्या ५० जोड्या घेऊन, जोडीतील कोणास दूध द्यावयाचे ते नाणे उडवून ठरविले असते, तर अल्प खर्चात अधिक विश्वसनीय उत्तर मिळाले असते. गृहिणी शीत काढण्यापूर्वी भात ढवळते, यातील शहाणपण आता वाचकांच्या लक्षात येईल. न ढवळलेल्या पातेल्यातून हजार शिते काढली तरी ती वरच्याच थराची साक्ष देतात.

गॉसेट यांचा स्वभाव मनमिळाऊ व निगर्वी होता. कार्ल पिअर्सन आणि फिशर या दोन दिग्गजांचे आपसांत विळ्याभोपळ्याचे वैर होते. तरी गॉसेट दोघांचेही मित्र राहिले. याचा अर्थ ते कोणाच्या होस हो मिळवीत असे नव्हे. शेतांतील प्रयोगांत वाफ्यांची निवड चिठ्ठ्या टाकूनच करावी, असा फिशर यांचा आग्रह होता. जमिनीचा कस एका बाजूस चढत जातो हे ठाऊक असता दोन्ही वाणे समतोलाने वाटून पेरणे अधिक चांगले, असे गॉसेट यांचे मत होते. हा वाद त्यांनी अखेरपर्यंत चालविला, आणि त्यावरील त्यांचा शेवटचा लेख त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पुढील काळात बहुतेक संशोधकांनी चिठ्ठ्यांचाच मार्ग पत्करला. पण समतोल राखण्याचे महत्त्वही ते विसरले नाहीत. कारखान्यातील जबाबदारीचे काम संभाळून उरलेल्या वेळी गॉसेट बागकाम करीत, सुतारकाम करीत, आपल्या हाताने नावा बांधीत आणि मासे धरावयास जात. त्यांना एक पुत्र व दोन कन्या होत्या.

१९३५ साली लंडनच्या पार्क रॉयल भागातील कंपनीच्या नव्या कारखान्याची जबाबदारी त्यांच्यावर आली, आणि ३६ वर्षांचे डब्लिन सोडून ते इंग्लंडात परतले. १९३७ साली कंपनीतील आपल्या शाखेचे सर्वोच्च पदही त्यांस मिळाले. परंतु ते सुख त्यांच्या वाट्यास फार दिवस नव्हते. ता. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचा अंत झाला.

त्यांच्या विद्येचा प्रवाह आपल्या महाराष्ट्रापर्यंतही येऊन पोहोचला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३६ साली लंडनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजातून संख्याशास्त्राची डॉक्टरेट मिळविली, जेथे तीस वर्षांपूर्वी गॉसेट शिकावयास गेले होते. नमुना कसा घ्यावा या विषयावर सुखात्मे यांनी पुढे प्रमाणभूत ग्रंथ लिहिला, आणि ती विद्या भारतातील पिकांच्या व जगातील अन्नाच्या मोजदादीस लावली.

विद्यार्थिमित्रहो, गॉसेट यांच्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? मोठा गणिती होणे सर्वांच्याच हातचे नसते. पण थोडक्या पुराव्यावर मोठे विधान न करणे, हे तर प्रत्येकाच्या हातचे आहे. वर्गात नवा आलेला मुलगा पहिल्याच दिवशी रागावून बोलला, तर तो तापट आहे असे ठरविण्यापूर्वी आणखी काही दिवस पाहावे. त्या दिवशी त्याच्या घरी काय घडले होते, हेही विचारावे. आपला आवडता समज खरा वाटू लागला, की तो खोटा ठरण्याचीही संधी त्यास द्यावी. आणि एखादी गोष्ट समजली नाही, तर ती समजली नाही असे म्हणण्यास लाजू नये. गॉसेट यांच्यासारखा पुरुष लाजला नाही.

पालकांसही एक नम्र विनंती. या अंकासोबत मुलांची प्रगतिपुस्तकेही घरी येतील. सहामाहीत ५२ आणि वार्षिक परीक्षेत ४६ गुण दिसले, की मुलगा घसरला, असे म्हणण्याचा मोह आपणांस होईल. हे दोनच आकडे आहेत. आणि दोन आकड्यांसाठी गॉसेट यांच्या कोष्टकाने १२.७१ पटींची अट घातली आहे, याचे त्या वेळी स्मरण ठेवावे. कदाचित मूल खरोखरच मागे पडत असेल; तसे असल्यास त्याकडे डोळेझाक करू नये. परंतु निकाल देण्यापूर्वी आणखी पुरावा गोळा करावा, त्याच्याशी बोलावे, त्याच्या शिक्षकांस भेटावे. घाईने दिलेला निकाल शेतातील वाणाच्या बाबतीत एका हंगामाचे नुकसान करतो. मुलाच्या बाबतीत त्याचे मोल याहून पुष्कळ अधिक असते.

ज्याच्या नियमावर सारे जग आपले निर्णय पारखते, तो पुरुष स्वतःस जन्मभर विद्यार्थी म्हणवीत राहिला. आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने हे नाव शाळेच्या दारातच टाकून न जाता बरोबर घेऊन जावे, हीच आमची इच्छा आहे.